भांड्यांवरचं नाव

लग्नात नवऱ्यानं तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं, तेव्हा माझा पदर इतका पुढं ओढलेला होता की मला फक्त ते ताट आणि त्यांचं बोट दिसत होतं. बोट कुठं अडलं नाही. काना, मात्रा, वेलांटी, सगळं एका दमात उतरलं. नाव लिहिताना नवरदेव लाजतात, चुकतात, मागून करवल्या खिदळतात, हे मी दहा लग्नांत पाहिलेलं. इथं कुणी खिदळलं नाही. मी सातवी पास होते, वाचलं. नाव चांगलं होतं. माझं माहेरचं नाव असं की नुसती हाक मारली तरी भांडण सुरू झाल्यासारखं वाटायचं. त्यापुढं हे फारच मऊ होतं. मी मनात म्हटलं, चला, स्वभाव नाही तर नाव तरी मऊ झालं.

उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाला खेटून असलेल्या गावातली मी. घरात मराठी, विहिरीवर कानडी, आणि दोन्हीत तोंडाळ म्हणून नाव काढलेलं. वडिलांना शेतातून जेवायला बोलवायला कुणाला जावं लागायचं नाही, मी माळवदावर चढून हाक मारली की काम व्हायचं. त्यात पत्रिकेत कडक मंगळ. स्थळं यायची, चहा प्यायची आणि जायची. शेवटी येरमाळ्याचं स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, बिजवर, पदरात पाच वर्षांची मुलगी, घरात म्हातारी आई. आमचा मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन वर्ष झालं होतं आणि मी एकोणीस ओलांडले होते. वडिलांनी होकार दिला, मलाही वाईट वाटलं नाही. पहिली बायको दोन वर्षांपूर्वी तापानं गेली, एवढं कळलं होतं. तिचं नाव काय, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

येरमाळ्यात आमचं घर हमरस्त्याच्या मागच्या गल्लीत. दोन खोल्या, वर मातीचं माळवद, मागं न्हाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याला जायला हंडा उचलला तर त्याच्या गळ्यावर माझं नाव कोरलेलं. आधी ‘सौ.’ आणि पुढं तेच, तांदळातलं. मी हरखले. म्हटलं, सासरची माणसं हौशी दिसतात, माझं नाव घालून भांडी तयार ठेवली आहेत. मग कळशी पाहिली, तिच्यावरही होतं. परात, तांब्या, घंगाळ, पितळी डबे, सगळ्यांवर होतं. पण कळशीला पोचा होता. परातीवरची अक्षरं राखेनं घासून इतकी पुसट झाली होती की बोटानं चाचपून वाचावी लागत होती. सासूबाई जात्याजवळ बसल्या होत्या. मी विचारलं, आत्याबाई, ही भांडी कुणाची? त्या मान न वळवता म्हणाल्या, “तुझीच की.”

खरं काय ते शेजारणीनं आडावर सांगितलं. पहिलीचं नाव तेच होतं. मी त्या दिवशी भरलेला हंडा तिथंच ठेवून घरी आले आणि नवऱ्याला विचारलं, म्हणजे तसं विचारलं की गल्लीला ऐकू गेलं. ते मुळात अबोल. निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, आता मराठी शाळेवर मास्तर. फळ्याशी गेले की अजूनही हात उजव्या कडेनं निघायचा आणि मग मागं यायचा. असा माणूस काय भांडणार? ते एवढंच म्हणाले की आईच्या तोंडात तेच नाव बसलं आहे, तिला आता दिसत नाही, नवं नाव तिला जड जाईल. मग म्हणाले, आणि भांड्यांवरची अक्षरं काही निघत नाहीत. हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मला पुढं भांडताच आलं नाही.

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळायचं. माणूस त्या ओळखायच्या ते पावलांवरून, बांगड्यांवरून आणि आवाजावरून. माझ्या गळ्यात त्यांनीच बोटाच्या पेराएवढा चांदीचा टाक बांधला होता. त्यावर बाईची आकृती. त्याला आमच्याकडं नुसतं ‘सवत’ म्हणतात. दुसरेपणाची बाई मेलेल्या पहिलीला अशी गळ्यात वागवते. नवं लुगडं आधी तिला लावायचं मग आपण नेसायचं, कुंकू आधी तिला मग आपल्याला. ही रीत मी माहेरीही पाहिली होती, तिचं मला काही वाटलं नाही. पण ती सवत गळ्यात, तिचं नाव भांड्यांवर आणि तेच नाव घेऊन मला हाक, म्हणजे घरात नक्की कितीजणी आहोत, असा प्रश्न मला पहिल्याच आठवड्यात पडला.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण ती पोर होती.

ती मला काही म्हणायची नाही. शेजारणींनी शिकवून पाहिलं, मावशी म्हण, नवी आई म्हण. ती म्हणायची फक्त “अहो”. “अहो, माझी वेणी घाला.” “अहो, तुम्ही मला पाणी द्या.” परकरातली एवढीशी पोर मला अहो-जाहो करते म्हणून गल्ली पोट धरून हसायची. नवऱ्याला म्हणायचं ते ही सावत्र आईला म्हणते, असं मला चिडवायची. मीही हसायचे आणि न्हाणीत जाऊन रडायचे. आमच्याकडं वडिलांना अहो म्हणतात, आजीला म्हणतात, मास्तरांना म्हणतात; आईला मात्र तू. तिच्या आईची आठवण पुसावी असं मला कधी वाटलं नाही. मला एवढंच हवं होतं की तिनं एकदा मला तू म्हणावं. आई म्हणू नकोस, नावानं हाक मार, शिवी दे, पण तू म्हण. ह्यापायी मी काय काय केलं ते आता सांगते, आणि सांगताना मला आजही बरं वाटत नाही.

माझं गणित साधं होतं. तिला आईची सवय आहे, तर आपण तिच्या आईसारखं व्हावं. मी सासूबाईंना विचारत सुटले. ती कशी बोलायची? हळू, त्या म्हणाल्या, लई हळू, समोरच्याला कान द्यावा लागायचा. मग मी हळू बोलायला लागले. ती घरात शिरताना उंबऱ्यावर जरा खाकरायची, मीही खाकरायला लागले. पदर डाव्या कानामागं खोचायची, मीही खोचला. ती पोरीला कुठली ओवी म्हणून झोपवायची ते विचारून घेतली आणि तीच म्हणायला लागले. माझा आवाज आडावर ऐकू येईनासा झाला. सुरुवातीला बायका म्हणाल्या, मास्तरणीला झालं काय? मग त्या ते विसरल्या. दिवाळीपर्यंत निम्मी गल्ली माझ्याशी अशी बोलायला लागली, जणू मी त्यांना सात-आठ वर्षांपासून ठाऊक आहे. “त्या साली आपण येडाईच्या डोंगरावर गेलो होतो तवा तुझी चप्पल हरवली, आठवतंय का?” असं एकीनं विचारलं. मला आठवत नव्हतं. पण मी व्हय म्हणाले, आणि म्हणताना मला ती चप्पल दिसली.

सासूबाई मला वांगं खाऊ द्यायच्या नाहीत. “तुला अंगावर उठतं,” म्हणायच्या. माहेरी मी वांग्यावर वाढलेली. मी पहिले काही महिने मनातल्या मनात हसून गप्प राहिले. पुढं एकदा शेजारणीच्या घरी भरली वांगी आणि भाकरी पोटभर खाल्ली. घरी येईपर्यंत मानेवर, हातांवर गांधी उठल्या होत्या. पहिलीला उठायच्या तिथंच, असं सासूबाई हात फिरवून म्हणाल्या. त्या पुढं हेही म्हणाल्या की तुला किती येळा सांगितलं.

मग खुंट्याचं झालं. जात्याचा चांगला बाभळीचा खुंटा मी यायच्या आधीपासून हरवलेला होता. कुठलंतरी लाकूड ठोकून दळायचो. एकदा दुपारी मी भाकरी थापत होते आणि सासूबाई आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, खुंटा कुठं ठेवलास गं? मी म्हणाले, माळवदावर, गोवऱ्यांच्या मागं. म्हटल्यावर माझे हात थांबले. तवा तापून धुरायला लागला तरी मी बसून राहिले. मग जिन्यानं वर गेले. ऊन असं होतं की माळवदाची माती पायाला चटके देत होती. गोवऱ्यांची रास बाजूला केली तर मागं कोळ्याच्या जाळ्यात खुंटा उभा. मी आजवर ह्याचं कारण शोधते. कधीतरी पापड वाळत घालताना दिसला असेल, कुणी बोलताना कानावर पडलं असेल. पण त्या कोपऱ्यात मी आधी गेले नव्हते हे मला पक्कं माहीत आहे. भर दुपारी, रस्त्यावरून एसटी जात असताना, मला माझ्याच घराच्या माळवदावर भीती वाटली.

सगळ्यात वाईट झालं ते माझा थोरला भाऊ दिवाळीला न्यायला आला तेव्हा. मी दारात तांदूळ निवडत होते. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून कुणीतरी कुणाला तरी हाका मारत होतं. तीन-चार हाका झाल्या. मी वैतागून वर पाहिलं, म्हटलं, जिला बोलावतोय ती बाई उत्तर का देत नाही? मागं वळूनसुद्धा पाहिलं, कुणी आहे का म्हणून. तोवर तो जवळ आला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो माझंच माहेरचं नाव घेत होता. त्याच्या डोळ्यांत मला दिसलं की तो घाबरला आहे. तुझा आवाज बसलाय का, असं त्यानं विचारलं. मी बसलाय म्हणाले. माहेरी गेले तर विहिरीवर कानडीत दहाच्या पुढं मोजता येईना.

एवढं करून पोरीचं काय? ती दूर दूर जात होती. मी तिच्या आईसारखी ओवी म्हणाले की पांघरुणात तोंड घालायची. वेणी घालायला शेजारी जायला लागली. खाकरून घरात शिरले की आजीच्या पाठीमागं बसायची. आणि माझ्या पायांकडं बघायची. मी भाकरी करत असो, झाडत असो, तिची नजर पायांवर. मला वाटलं, तिला माझी जोडवी आवडतात. मी एकदा पाय पुढं करून दाखवलीसुद्धा, तर ती उठून बाहेर पळाली. मला राग आला, आणि मी आणखी हट्टाला पेटले. अजून आपण पुरतं तिच्यासारखं झालो नाही, म्हणून असं होतंय, असंच मला वाटत राहिलं. घरात तिला सांगून ठेवलेलं होतं की आई गावाला गेली आहे आणि येणार आहे. तिला तेच खरं वाटतं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

लग्नाला दुसरं वर्ष संपत आलं आणि पितृपक्ष आला. नवरा असताना गेलेल्या बाईचं आमच्याकडं नवमीला करतात, अविधवा नवमी. बाहेरची एक सवाष्ण बोलवायची, मेलेलीच्या नावानं तिला पाटावर बसवायचं, हळदकुंकू, ओटी, लुगडं, पोटभर जेवण. पहिल्या वर्षी शेजारीण बसली होती. ह्या वर्षीही तीच ठरली होती. सकाळी मी खीर, वडे, भोपळ्याची भाजी, कढी असा स्वयंपाक उरकत आणला आणि तिचा निरोप आला की तिला अडचण आली, शिवायचं नाही. नवरा शाळेच्या कामानं कळंबला गेलेला. पोर शाळेत. मी म्हटलं, आत्याबाई, गल्लीत दुसरी कोण बघू? त्या म्हणाल्या, “दुसरी कशाला? ती घरातच हाय की.”

मला वाटलं, गळ्यातल्या सवतीबद्दल बोलतात, टाक पाटावर ठेवायचा असेल. पण त्यांनी पेटी उघडायला लावली. आतून पहिलीचं हिरवं इरकली लुगडं काढलं, हातांनी चाचपून काठ ओळखला आणि माझ्या अंगावर टाकलं. नेस, म्हणाल्या. आजवर मी हे अनेकींना सांगितलं आणि प्रत्येकीनं विचारलं की तू नाही का म्हणाली नाहीस? मला तेव्हा ते विचित्रच वाटलं नाही. मी नेसले. लुगड्याला पेटीतल्या कापराचा वास होता. निऱ्या जिथं मोडलेल्या होत्या तिथंच मोडल्या.

मी पाटावर बसले. दाराकडं पाठ होती. सासूबाईंनी चाचपडत माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. पान त्यांनी स्वतः वाढलं. मग समोर फतकल मारून बसल्या आणि माझे दोन्ही हात धरले.

“गाडी रस्त्यावर हुबी हुती,” त्या म्हणाल्या. “तू तीनदा म्हणलीस, आत्याबाई, मला बार्शीला दवाखान्यात न्या. म्या म्हणलं, काढा देते, उतरंल, उद्या बघू. गाडी गेली. माझं चुकलं. एवढ्या दिसांत तुझ्या म्होरं बोलायला त्वांड झालं न्हाय. आता तू बोल काहीतरी.”

भर बारा वाजले होते, खिरीवर माशी घोंघावत होती. मला काय बोलायचं ते कळलं होतं. ‘झालं ते झालं’ एवढंच. त्या हळू आवाजात ते माझ्या घशापर्यंत आलं होतं. आणि ते मी ठरवून आणलेलं नव्हतं, ते आपण होऊन आलं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात मागं दारात दप्तर पडल्याचा आवाज झाला.

मधल्या सुट्टीत पोर घरी आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी पाटावरूनच मान वळवली. ती माझ्याकडं बघत नव्हती, लुगड्याखालून बाहेर आलेल्या माझ्या पायांकडं बघत होती.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्ही आता तीच झालात का?”

तेव्हा मला कळलं. ती दोन वर्षं माझे पाय का बघत होती ते कळलं. ते भुताच्या पायांसारखे उलटे कधी होतात, हे ती बघत होती. आई गावाला गेलेली नाही, मेली आहे, हे घरात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि मी माया म्हणून, तिचं व्हावं म्हणून, दिवसेंदिवस थोडी थोडी तिची मेलेली आई होत तिच्या अंगावर चालून जात होते.

“इल्ला,” मी ओरडले. नाही म्हणायला मला मराठी सापडलं नाही, कानडी आलं, आणि आलं ते माळवदावरून शेतात ऐकू जायचं तसं. ओरडतानाच मी लुगड्याचा पदर अंगावरून ओढून काढला. “मी ती नाही. ती मेली. मी दुसरी आहे. मी उमरग्याकडची, तोंडाळ, भांडखोर, मला वांगं आवडतं.” असलं काहीबाही मी बोलत होते आणि रडत होते.

पोर जागची हलली नाही. बराच वेळ तिनं माझं तोंड पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा पायांकडं न बघता तोंड पाहिलं.

“मग तू कोण?” तिनं विचारलं.

मी तिला माझं माहेरचं नाव सांगितलं. तिनं ते म्हणून पाहिलं. भांडण सुरू झाल्यासारखं वाटणारं ते नाव त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी घेतलं. मग तिनं मला शपथ घ्यायला लावली की तो आवाज मी पुन्हा काढणार नाही. तिच्याच गळ्यावर हात ठेवून मी शपथ घेतली.

सासूबाई भिंतीला टेकल्या होत्या. डोळे विस्फारून, जे दिसत नाही ते बघायचा प्रयत्न करत होत्या. “कोण हाय?” त्या विचारत होत्या. “घरात कोण शिरलंय? कुणाचा आवाज हा?” मी जवळ गेले, म्हटलं, आत्याबाई, मीच. त्यांनी हात झटकला. मग जरा सावरून, पाहुण्या बाईशी बोलावं तशा म्हणाल्या, “तुमी कोण बाई?”

त्या दिवसापासून पोर मला तू म्हणायला लागली आणि सासूबाई तुम्ही. मी खूप प्रयत्न केले. पण माझा खरा आवाज त्या दोन वर्षांत पार विसरून गेल्या होत्या. नवऱ्याला सांगितलं, तुम्हीही मला माझ्या नावानं हाक मारा. ते त्यांना जमलं नाही. तेव्हापासून त्यांनी मला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. मी एकदा त्यांना विचारलं की पहिलीचंही भांड्यांवरचं नाव लग्नातलंच ना, मग तिचं माहेरचं काय होतं? ते खूप वेळ आठवत राहिले. त्यांना आठवलं नाही. पोर तिथंच पाटी पुसत बसली होती.

सासूबाई पुढं चार वर्षं जगल्या. मी त्यांचं सगळं केलं, आणि त्या माझ्याशी फार अदबीनं वागल्या. कामाला ठेवलेली कुणी भली बाई आहे, अशी त्यांची समजूत असावी. रोज जेवताना विचारायच्या, ती जेवली का? मी म्हणायचे, जेवली. पण त्यांना हवं होतं ते हे नव्हतं. “तुमी व्हता की तितं त्या दिशी,” त्या म्हणायच्या. “म्या तिची माफी मागितली. ती काय म्हणली?” मी सांगायचे, माफ केलं म्हणाली. त्या मान हलवायच्या. “तुमी नगा सांगू. तिला बोलू द्या.” दिवसातून दहादा हेच. म्हातारीचा जीव त्या एका उत्तरात अडकला होता, ते उत्तर माझ्या घशात होतं, आणि मी लेकराच्या गळ्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. कधी कधी मला स्वतःची चीड यायची, कधी पोरीची, कधी त्या मेलेलीची.

शेवटच्या उन्हाळ्यात त्यांनी अन्न सोडलं. एके दिवशी दुपारी श्वास वर लागला. तरी तेच, ती काय म्हणली? पोर तेव्हा अकरा वर्षांची होती, उशाशी बसून वारा घालत होती. मी तिच्याकडं पाहिलं. मला शपथेतून सोड, असं मी म्हणणार होते. तिला ते कळलं. ती म्हणाली, “तू जरा बाहेर जा.”

मी उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिले. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आतून आवाज आला.

“आत्याबाई, झालं ते झालं. तुम्ही झोपा आता.”

मी दाराची चौकट धरली. तो आवाज पोरीचा नव्हता, मी तो कधी ऐकलेलाच नव्हता. तो मऊ नव्हता, हळू नव्हता. जरा जाडसर होता आणि शब्दाच्या शेवटी वर चढणारा. ज्या आवाजाला सगळी गल्ली पहिलीचा म्हणून फसली, जो काढता काढता मी स्वतःला हरवून बसले, तो ह्याच्या जवळपासही नव्हता. पण सासूबाईंनी तो ओळखला. आतून म्हणाल्या, “व्हय गं बाई,” आणि त्यांचा श्वास हळूहळू शांत होत गेला. त्या संध्याकाळच्या आत गेल्या.

पोर बाहेर आली ती नेहमीसारखीच. पदराला हात पुसावेत तसे तिनं परकराला हात पुसले. मी तिला विचारलं, तुला तुझ्या आईचा आवाज कसा येतो? ती गेली तेव्हा तू तर तीन वर्षांची होतीस.

“कुठला आवाज?” ती म्हणाली. “मी माझ्याच आवाजात बोलले.”